क्लेम मिळाला, फिर्याद राहिली

नागपूरच्या जरीपटक्यातल्या एखाद्या जुन्या सिंधी घरात कपाटाच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत पिवळा पडलेला कागद सापडतो. म्हातारी माणसं त्याला ‘क्लेम’ म्हणतात. फाळणीत सिंधमध्ये मागे राहिलेल्या घरादुकानाच्या भरपाईसाठी सरकारकडे केलेला हा दावा. घर कुठं, मालमत्तेची किंमत किती, याचा हिशेब त्यात आहे. तुम्हाला हाकललं कुणी, हे मात्र कुणी विचारलं नाही.

6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल उसळली आणि बोटी भरभरून माणसं मुंबईला उतरू लागली. पंजाबच्या मानानं सिंधमध्ये रक्त कमी सांडलं, हे खरंच. पण लाखोंचा मुलूख भीतीनं सुटला आणि त्याबद्दल आरोपी म्हणून कुणीच उभं राहिलं नाही.

त्याच वर्षी 9 डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांनी जनसंहारविरोधी करार मंजूर केला. भारतानं तो 1959 मध्ये कायम केला. गुन्हेगारांना शिक्षा व्हावी म्हणून देशात कायदा करू, असं त्यात वचन आहे. ते आपण आजवर पाळलेलं नाही! 1 जुलै 2024 पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यातही जनसंहाराचं कलम नाही. सामूहिक हकालपट्टीला मानवतेविरुद्धचा गुन्हा मानणाऱ्या 1998 च्या रोम करारापासूनही आपण लांबच राहिलो.

याची किंमत पाहा. दिल्लीत 1984 मध्ये शिखांची कत्तल झाली. माजी खासदार सज्जन कुमारला जन्मठेप झाली ती 17 डिसेंबर 2018 ला, चौतीस वर्षांनी. त्या निकालातच दिल्ली उच्च न्यायालयानं कायद्यातली ही पोकळी तातडीनं भरा, असं सांगितलं. अजून भरतोच आहोत.

आणि शेजारच्या इंदोऱ्यातल्या दलित वस्तीला हे वेगळं सांगायला नको. खैरलांजीचं हत्याकांड म्हणजे जनसंहार नव्हता. पण 29 सप्टेंबर 2006 ला तिथल्या दलित भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले, तेव्हा भंडाऱ्याच्या न्यायालयाला खून दिसला, ॲट्रॉसिटीचा कायदा लागू झालेला दिसला नाही. नागपूर खंडपीठानंही 2010 मध्ये तेच म्हटलं. कायदा असून ही गत, तर नसताना काय होणार?

“जुनं कशाला उकरता?” असं म्हणणारे भेटतील. आपल्या फाळणीचं दुःख सांगायचं आणि दुसऱ्याच्या वस्तीवर जमाव गेला की दार लावून घ्यायचं, हा दुटप्पीपणा आता पुरे. जमाव कुणाचाही असो, चिथावणारा मंत्री असो की गल्लीतला दादा, कलम एकच हवं.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी सगळं सरकार आपल्या दारात येतं. कायदा संसदेनं करावा, असा ठराव विधिमंडळाकडून करून घेणं आपल्या हातात आहे. जरीपटक्यानं आणि इंदोऱ्यानं मिळून उठावं. 9 डिसेंबरला संविधान चौकात या. क्लेमची झेरॉक्स आणा, तिच्या कोऱ्या पाठीवर एवढंच लिहा: जनसंहाराला आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांना कायद्यात कलम द्या. खाली सही करा.