कंडम खुर्चीची कैफियत

घरात चित्रांसाठी एक खोली, आणि खोली नसेल तर उत्तरेच्या खिडकीशी एक कोपरा राखून ठेवावा व त्यात जुने लाकडी सामान दुरुस्त करून मांडावे, ही हौस दिल्लीतील आपल्या मराठी मंडळींत अलीकडे बरीच वाढलेली दिसते. हौस चांगली आहे. दिवसभर टिपणे आणि मसुदे यांत डोके घालून बसणाऱ्या माणसाने रविवारी सकाळी हाती कुंचला धरला तर त्यात सरकारचे काही बिघडत नाही; उलट सोमवारची टिपणे थोडी बरी उतरण्याचा संभव असतो. माझी तक्रार कुंचल्याविषयी नाही. ज्या टेबलावर तो ठेवावयाचा त्या टेबलाचे आपण जे हाल करतो त्याविषयी आहे, आणि ती भीड न ठेवता मांडावी असे बरेच दिवस मनात होते.

हाल म्हणजे काय ते सांगतो. अमर कॉलनीच्या बाजारातून अस्सल सागाचे एखादे जुने टेबल पैदा केले जाते. येथवर सर्व ठीक. घरी आणताच पहिले कृत्य म्हणजे त्याची कातडी सोलणे! विजेवर चालणारे घासयंत्र घेऊन मिस्त्री येतो आणि दोन तासांत त्या टेबलाच्या अंगावरची पन्नास वर्षे भुसा होऊन गच्चीवरून उडून जातात. हातांच्या घर्षणाने आलेली झाक, दौतीचा डाग, पट्टी धरून पाते ओढल्याच्या रेघा, यांपैकी काही उरत नाही. मग वर पॉलियुरेथेनचा काचेसारखा थर चढतो आणि यजमान पाहुण्यांना अभिमानाने सांगतात, ‘व्हिंटेज आहे हो!’ होते, असे म्हणावे. आता जे समोर आहे ते सागाचे चकचकीत फळकूट होय.

याच्या अगदी उलट दुसरा प्रकार. आंब्याच्या कोऱ्या लाकडाला साखळीने झोडपावयाचे, कडा कानशीने बोथट करावयाच्या, वर काळपट रंग फासावयाचा आणि तेच ‘अँटीक’ म्हणून विकावयाचे. जोधपुराकडे हा उद्योग मोठ्या प्रमाणावर चालतो व परदेशीही माल जातो. पोटासाठी करणाऱ्या कारागिराला मी दोष देणार नाही. दोष घेणाऱ्याच्या डोळ्यांचा आहे. म्हाताऱ्याला कलप लावावयाचा आणि पोराला पांढऱ्या मिशा चिकटवावयाच्या, अशी ही एकूण अभिरुची.

कोणी म्हणेल, मग जुने सामान होते तसेच मोडके ठेवावयाचे काय? मुळीच नाही. दुरुस्ती अवश्य करावी. परंतु दुरुस्ती निराळी आणि सोलणे निराळे, हा विवेक आपल्या सुतारांच्या मागच्या पिढीपाशी होता. त्यांचे साहित्यच तसे होते. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीत बांधलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ हात देत जावयाचे, ही त्यांची रीत. तिला आपण ‘फ्रेंच पॉलिश’ असे परदेशी नाव देतो. लाख मात्र आपल्याच पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरच्या किड्यांची. या पॉलिशाचा मोठा गुण असा, की ते स्पिरिटात पुन्हा विरघळते. म्हणून जुना थर जेथे फाटला असेल तेवढ्याच जागी नवा हात देता येतो आणि नवा जुन्यात मिसळून जातो. पॉलियुरेथेनचे तसे नाही. ते एकदा बसले की बसले. पाच वर्षांनी ओरखडे पडले म्हणजे पुन्हा घासयंत्र, पुन्हा भुसा. लाखेला पाणी आणि उष्णता सोसत नाही, चहाच्या कपाचे पांढरे वर्तुळ उमटते, हे खरे आहे. जलरंग वापरणाराने तर ते ध्यानात ठेवलेच पाहिजे. पण त्यावर एक मेणकापड अंथरणे हा उपाय कोणालाही सुचण्यासारखा आहे. त्यासाठी टेबलाचे कातडे काढावे लागत नाही.

सांध्यांची गोष्ट हीच. जुन्या सामानाचे सांधे खाच आणि कुसू यांचे असत आणि ते सरसाने जोडलेले असत. सरस ऊन पाण्याने मऊ होतो. सांधा उकलतो, साफ होतो, पुन्हा जोडला जातो. आजचा मिस्त्री ढिला पाय पाहताच त्यात फेव्हिकॉल ओततो आणि वर दोन खिळे ठोकतो. जुन्या सरसावर हा गोंद नीट धरत नाही, म्हणून पाय पुन्हा हलू लागतो. आणि खिळ्याने कुसू फुटलेले असल्यामुळे पुढच्या वेळी दुरुस्तीला काही शिल्लकच राहत नाही. एक सूचना येथेच करतो, कारण ती घरातल्या मुलांच्या प्रकृतीची आहे. टेबल रंग दिलेले असेल तर ते कोरडे घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लाखांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला व २०१७ च्या नोव्हेंबरात अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगाच्या धुळीत काय आहे याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. हे सामान बाजारात येते कोठून? पुष्कळसे आपल्याच कचेऱ्यांतून येते. आणि ते बाहेर घालवण्याच्या कागदावर सह्या आपल्याच असतात.

चंदीगडची हकीकत सर्वांनी वाचली असेल. परंतु ती दिल्लीच्या प्रत्येक भांडारशाखेत भिंतीवर लावण्यासारखी आहे. पियेर जानरे हे ल कॉर्ब्युझियेचे चुलतभाऊ १९५१ साली त्या नव्या राजधानीच्या कामासाठी आले आणि १९६५ पर्यंत तेथे राहिले. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालये यांच्यासाठी त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या भारतीय सहकाऱ्यांनी साग आणि वेत यांचे अत्यंत साधे सामान योजले. उलट्या ‘व्ही’च्या आकाराच्या पायांची ती खुर्ची तर जगप्रसिद्ध झाली. ती कोणासाठी केली होती? राजेरजवाड्यांसाठी नव्हे, तुमच्याआमच्यासारख्या कारकुनांसाठी. पुढे वेत फाटला, पाय हलू लागले. खुर्च्या गच्चीवर आणि जिन्याखाली रचल्या गेल्या आणि भंगाराच्या लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, शांतपणे दुरुस्त केल्या आणि पॅरिस-लंडनच्या लिलावांत एकेकीला लाखो रुपये आले. तेव्हा कोठे आपण डोळे चोळले. १९७२ चा पुराणवस्तू कायदा येथे उपयोगी पडेना, कारण तो शंभर वर्षांखालील खुर्चीला ओळखत नाही. अखेर २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने हे सामान विकू नये असा आदेश काढला आणि चंदीगडात मोजदाद होऊन बारा हजारांहून अधिक नग वारशाचे म्हणून नोंदले गेले.

या प्रकरणातील सर्वांत बोचणारी गोष्ट किमतीची नाही. त्या खुर्च्यांच्या पाठीवर कचेरीचे नाव आणि क्रमांक पांढऱ्या रंगाने घातलेला असे. जडसंग्रह नोंदवहीशी मेळ बसावा म्हणून कोण्या अनाम कारकुनाने किंवा शिपायाने घातलेला तो क्रमांक! आज परदेशातील जाणकार गिऱ्हाईक प्रथम तोच पाहतो, कारण नकली माल इतका निघाला आहे की अस्सलपणाची खूण म्हणून तो उपयोगी पडतो. आपला मिस्त्री घासयंत्र लावतो तेव्हा सर्वांत आधी काय घासून काढतो? तो क्रमांकच. आणि आपण त्याला शाबासकी देतो, ‘आता सरकारी दिसत नाही’ म्हणून!

यावर आपल्या बंधुवर्गाचे उत्तर ठरलेले आहे : आम्ही काय करणार, नियम आहेत. मी कारकून आहे. नियमांचा अनादर माझ्याने होणार नाही. पण सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील विल्हेवाटीचे प्रकरण एकदा शांतपणे वाचावे. वस्तू जादा, कालबाह्य किंवा निरुपयोगी असेल तर ती काढावी, आणि तसे ठरवण्याची कारणे नोंदवावीत, असे तेथे आहे. वस्तू एखाद्या कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे निरुपयोगी झाली असेल तर जबाबदारी निश्चित करावी, असेही आहे. वेत फाटलेली खुर्ची दोन पावसाळे ओसरीत भिजत ठेवणे हा निष्काळजीपणा नव्हे काय? आजवर कोणत्या समितीने तसे लिहिले? एका कचेरीत (तिचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण सर्वत्र तेच आहे) नकाशे काढण्याची सागी पायांची टेबले, लोखंडी कपाटे आणि तुटके पंखे ही सर्व एकाच ओळीत ‘जुने सामान, एक लॉट’ अशी लिहिलेली मी स्वतः पाहिली. नियमाने दिलेला विवेक वापरावयाचा नाही आणि मग नियमाकडे बोट दाखवावयाचे, ही आपली जुनी खोड आहे.

बरे, त्या वेताबरोबर आणखी काय गेले? खुर्च्या वेताने विणण्याचे काम देशभर अंधशाळांतून शिकवले जाई. ते बोटांचे काम आहे; डोळ्यांवाचून उत्तम होते. भिजवलेल्या वेताच्या पट्ट्या चौकटीच्या भोकांतून उभ्या, आडव्या आणि दोन्ही तिरप्या दिशांनी ओवत जावयाच्या. वाळताना वेत आकसतो आणि जाळी आपोआप ताठ होते. सरकारी कचेऱ्यांत या कामासाठी दृष्टिहीन कारागीर नेमलेले असत. आपण वेत काढून फोम आणि नायलॉनच्या जाळीची फिरती खुर्ची आणली. तिच्यातला वायूचा दांडा निकामी झाला, की ती खाली बसते आणि बहुतेक तशीच भंगारात जाते. वेताच्या खुर्चीत बसून आमच्या पूर्वसूरींनी तीस-तीस वर्षे नोकरी केली; आता खुर्ची सेवानिवृत्त होते आणि माणूस तेथेच राहतो. विणणाऱ्याचे काय झाले, हे टिपण कोणी मागवले नाही, म्हणून कोणी लिहिले नाही.

आणखी एक आक्षेप नेहमी ऐकू येतो आणि तो वजनदार आहे. ‘आमची बदलीची नोकरी. आज दिल्ली, उद्या शिलाँग, परवा चेन्नई. हे सागाचे ओझे कोठे वाहावे? त्यापेक्षा सुटे करता येणारे बोर्डाचे सामान बरे.’ ऐकावयास हे शहाणपणाचे वाटते. परंतु भुशाच्या बोर्डात स्क्रू एकदा काढून पुन्हा घातला की तो पूर्वीसारखा धरत नाही, आणि बोर्डाला पाणी लागले की तो फुगतो. पहिल्या बदलीत ते कपाट डुगडुगते, दुसऱ्या बदलीत मजुराच्या हातात येते. बदलीचे सामान कसे असावे हे ज्यांना खरोखर कळले होते, त्यांनी या देशातच त्याचा नमुना घालून दिला आहे. लष्करी अभियंत्यांच्या रुडकीवरून नाव पडलेली ती खुर्ची पाहा. चार पाय, चार दांडे, निमुळती कुसवे, निमुळती भोके. गोंद नाही, खिळा नाही. कापड किंवा कातडे आणि पट्टे यांच्या ताणावर ती उभी राहते आणि जमीन खालीवर असली तरी चारही पाय टेकतात. सुटी केली की गुंडाळी बगलेत मारता येते. डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी १९३३ साली तिच्याच वळणावर आपली खुर्ची केली आणि नाव कमावले. आपल्या मिस्त्रीला दोन रविवार बसवून ती आजही करून घेता येईल.

लाकडाविषयीही दोन शब्द, कारण येथे आपली मंडळी हमखास फसतात. दिल्लीचा दुकानदार ज्याला ‘शीशम’ म्हणतो ते आपल्याकडचे शिसव नव्हे. दोघांची जात जवळची आहे, पण आजीच्या पलंगाचा काळा जांभळट शिसव निराळा आणि हा उत्तरेकडचा तपकिरी शीशम निराळा. वाईट कोणतेच नाही. शिसवाच्या भावाने शीशम घेऊ नये, इतकेच. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. बाहेरच्या फिक्या लाकडाला मात्र लागते. म्हणून टेबल घेताना वरचा चेहरा पाहू नये. खण ओढून काढावा, त्याची पाठ पाहावी, टेबल उलटे करावे. लबाडीला वरची बाजू सजवण्याची घाई असते; खालची बाजू बहुधा राहून जाते.

माझ्या क्वार्टरच्या बाल्कनीत नकाशे काढण्याचे असेच एक टेबल आहे. संगणकावर नकाशे होऊ लागल्यापासून या टेबलांना कोणी विचारीत नाही आणि चित्रकाराला त्यांच्याहून सोयीचे काही मिळणार नाही. फळा हवा तसा तिरपा होतो, उभ्याने काम करता येते. हे मी बाजारातून घेतले, लिलावातून नव्हे. आपल्याच खात्याच्या लिलावात आपण बोली लावणे शोभत नाही. त्याच्या फळ्याखाली दोन आडव्या पट्ट्या आहेत आणि त्यांतील स्क्रूची भोके गोल नसून लांबट आहेत. मेच्या लूमध्ये फळा आकसतो, श्रावणात फुगतो. त्याला हलावयास जागा हवी म्हणून मूळच्या सुताराने ती योजना केली होती. दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीने ती ‘ढिलाई’ पाहिली आणि गोंदाची बाटली उघडली. मी ती बंद करावयास लावली. तो गोंद पडला असता तर पुढच्या उन्हाळ्यात फळा मधोमध तडकला असता. त्याने फक्त एक पाय उकलून सरसाने बसवला, फाटल्या जागी लाखेचे चार हात दिले आणि दिवसाची मजुरी घेऊन गेला.

यापुढे ज्यांची नावे कंडम समितीवर येतील त्यांच्याकडे माझे मागणे मोठे नाही. एकाच ओळीत ‘एक लॉट’ लिहू नका. लाकडी नग वेगळे काढा, उलटे करून पाहा, दुरुस्तीचा अंदाज मागवा आणि तो नव्या खुर्चीच्या किमतीशेजारी मांडून टिपण वर पाठवा. आणि पाठीवरचा पांढरा क्रमांक घासू देऊ नका.