किल्ल्यांचा जुडगा



किल्ली कोणाच्या हाती असावी, हे आपल्या खेड्यापाड्यांतून कोणाला फारसे शिकवावे लागत नाही. सॅक्रिस्टीची किल्ली देवळाची देखरेख करणाऱ्याकडे, शाळेची शिपायाकडे, धान्याच्या कोठीची घरातील वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला. मनुष्य बदलला की किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते, आणि ती गेली हे साऱ्या गावास दिसते. परंतु अलीकडे आपल्या हाती दुसऱ्याच प्रकारच्या किल्ल्या आल्या आहेत. त्या लोखंडाच्या नाहीत. त्या वाजत नाहीत, हरवल्या तर जाणवत नाहीत, आणि एकीच्या वीस झाल्या तरी जुडगा जड होत नाही. आज त्यांविषयी लिहावयाचे आहे. आणि ते लिहिताना माझी स्वतःची चूक सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक विधवा भगिनी ओसरीवर थांबून राहिल्या. सर्व लोक पांगल्यावर त्यांनी हळूच विचारले, "फादर, मुलाच्या औषधपाण्यासाठी मी तुमच्याकडून पैसे घेतले, ते दुकानात कसे कळले?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती गोष्ट त्यांना, मला आणि मदत मंडळाला ठाऊक होती. दुसऱ्या कोणास ठाऊक असण्याचे कारण नव्हते. "मदतीबद्दल उपकार आहेत," त्या म्हणाल्या, "पण लोकांच्या तोंडून ऐकावे लागले." एवढे बोलून त्या निघून गेल्या. पुढील महिन्यात त्या मदतीस आल्या नाहीत.

आमच्या मदत मंडळाची नोंदवही पूर्वी कपाटात असे. काही वर्षांपूर्वी ती संगणकावर गेली. व्यापारी जगात 'सी.आर.एम.' म्हणून जी प्रणाली प्रसिद्ध आहे, तिच्यासारखीच ही एक. नावाचा अर्थ, ग्राहकांशी असलेले संबंध सांभाळणे. ग्राहक कोण, राहतो कोठे, त्याने काय घेतले, कोणती तक्रार केली, त्याच्याशी कोण केव्हा बोलले, हे सारे एकाच मोठ्या खतावणीत राहते. अमेरिकेत 1999 साली स्थापन झालेली सेल्सफोर्स ही कंपनी ह्या व्यवसायातील एक सुपरिचित नाव आहे. सेवाभावी संस्थाही असल्याच प्रणालीत आपले देणगीदार, स्वयंसेवक आणि मदत घेणारी कुटुंबे ह्यांची नोंद ठेवतात. जो कोणी ह्या खतावणीत काम करतो, त्याला स्वतःचे एक खाते आणि पासवर्ड मिळतो. तीच त्याची किल्ली.

मी शोध घेतला तेव्हा आमच्या खतावणीच्या 23 किल्ल्या बाहेर होत्या. त्यांपैकी ज्यांचे आज काही काम होते असे लोक माझ्या हिशेबाने अवघे 9. उरलेले कोण? पूर्वीच्या मंडळाचे सभासद, नोकरीनिमित्त परगावी गेलेले तरुण, एका उन्हाळ्यापुरत्या मदतीस आलेल्या दोन विद्यार्थिनी. मंडळाची मुदत संपली, आभाराचे भाषण झाले, नारळ आणि शाल दिली. किल्ली परत घेण्याचे मात्र कोणाच्या ध्यानी आले नाही. माझ्याही आले नाही, आणि ते काम माझेच होते. एका माजी सभासदाने आपला जुना फोन पुतण्यास दिला होता. त्यात आमची खतावणी उघडीच राहिली होती. पुतण्याने सहज वाचले आणि सहज बोलून गेला. कोणी चोर आला नव्हता. दार मीच उघडे ठेवले होते.

आमच्या गावची एक कन्या पुण्यास एका कंपनीत ह्याच कामावर आहे. तिच्या कंपनीत सेल्सफोर्स वापरतात, आणि शेकडो माणसांची खाती उघडणे, बदलणे, बंद करणे ही तिची जबाबदारी. मे महिन्याच्या सुट्टीत ती घरी आली असता मी तिला बोलावून घेतले. तिने जे समजावले ते कोणत्याही संस्थेस उपयोगी पडणारे आहे, म्हणून येथे थोडक्यात देतो.

पहिली गोष्ट, अधिकार माणसाला नव्हे तर कामाला द्यावा. खजिनदाराला काय दिसावे, धर्मशिक्षकाला काय दिसावे, हे आधी ठरवावे. मग जो त्या कामावर येईल त्याला तेवढाच अधिकार मिळावा, आणि काम सुटले की अधिकारही सुटावा. कामापुरताच अधिकार, त्याहून अधिक नाही, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1975 साली आपल्या एका निबंधात स्पष्टपणे मांडले आहे. संगणकाच्या सुरक्षिततेचा विचार करणारे लोक आजही त्याचाच आधार घेतात.

दुसरी गोष्ट, खाते पुसून टाकू नये. ते निष्क्रिय करावे. सेल्सफोर्समध्ये तर वापरणाऱ्याचे खाते पुसताच येत नाही. कारण त्या माणसाने केलेल्या नोंदी त्याच्या नावाशी जोडलेल्या असतात. नावच नाहीसे झाले तर कोणी काय लिहिले ह्याचा इतिहास नाहीसा होईल. माणूस निष्क्रिय झाला तरी त्याच्या नावावरील नोंदी त्याच्याच नावावर राहतात, म्हणून त्या आधी दुसऱ्याच्या स्वाधीन कराव्या लागतात. आणि नव्या येणाऱ्या नोंदी आपोआप ज्याच्या नावे पडाव्यात असे ठरवलेले असते, त्याला तर त्या जागी दुसरा नेमल्याशिवाय निष्क्रिय करताच येत नाही. ह्या व्यवस्थेस वेळ लागतो. म्हणून घाई असेल तेव्हा खाते केवळ 'गोठवता' येते. गोठवलेल्या माणसाला आत शिरता येत नाही, बाकी सारे जेथल्या तेथे राहते.

तिसरी गोष्ट घाऊक कामाची. शेकडो खाती एकेक करून बंद करण्यात दिवस जातात. म्हणून एक तक्ता करतात: एका ओळीत एक माणूस, त्याचा ओळखक्रमांक, आणि पुढे 'चालू' की 'बंद' ह्याची खूण. तो तक्ता प्रणालीस दिला की क्षणार्धात सारे होते. येथेच धोका आहे. सेल्सफोर्समध्ये ओळखक्रमांक 15 अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात. एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवताना मात्र सामान्यतः हा भेद पाळला जात नाही. दोन माणसांचे क्रमांक केवळ एका अक्षराच्या लहानमोठेपणाने वेगळे असले, तर एकाच्या जागी दुसऱ्याची ओळ येऊन बसते. म्हणून असल्या कामासाठी त्याच क्रमांकाचे 18 अक्षरी रूप घेतात. तरीही आधी दोनतीन ओळींवर प्रयोग करावा, पूर्वस्थितीची प्रत जपून ठेवावी, काम झाल्यावर कोणत्या ओळी फसल्या ते पाहावे, आणि सर्वाधिकार कमीत कमी दोघांकडे ठेवावा, म्हणजे स्वतःलाच बाहेर कोंडून घेण्याची पाळी येत नाही.

इतके सांगून तिने आमची यादी तयार केली आणि जाताना म्हणाली, "फादर, बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचा. ओळ म्हणजे एक माणूस आहे."

मी वाचली नाही. त्या भगिनीचे शब्द मनात सलत होते आणि दार लवकर बंद व्हावे असे वाटत होते. 'जुने मदत मंडळ' असे शीर्षक असलेली 14 नावे मी त्या रात्री एकदमच निष्क्रिय केली, आणि कर्तव्य केल्याच्या समाधानाने झोपी गेलो.

तो बुधवार होता. गुरुवारी संध्याकाळी आमचे वयोवृद्ध मास्तर बंगल्यावर आले. हे आमचे धर्मशिक्षक. माझ्याआधीच्या तीन धर्मगुरूंच्या वेळेपासून ते देवळाची सेवा करीत आहेत. पहिल्या शुक्रवारी घरोघरी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर न्यावयाचे असते, आणि कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाला पाणी गिळता येत नाही, कोणाच्या घरी दुपारनंतर जावे, ही नोंद मास्तर ठेवतात. नातवाच्या मदतीने म्हातारपणी त्यांनी संगणक शिकून घेतला तो ह्याच कामासाठी. त्या संध्याकाळी त्यांना आत जाता आले नाही. ते जुन्या मंडळाचेही सभासद होते. म्हणून त्यांचे नाव त्या 14 मध्ये होते. एका माणसाकडे दोन कामे असू शकतात हे यादीच्या शीर्षकाला ठाऊक नव्हते. मला ठाऊक असावयास हवे होते.

त्यांनी तक्रार केली नाही. कमरेचा सॅक्रिस्टीच्या किल्ल्यांचा जुडगा सोडून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. "फादर, मग ह्याही घ्या," ते म्हणाले. "पण माझे काय चुकले, तेवढे सांगा."

मी खुलासा करू लागलो, तोवर ते पायऱ्या उतरून गेले होते.

यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील 22व्या अध्यायाची मला त्या रात्री आठवण झाली. हिज्कीया राजाच्या वाड्याचा कारभारी शेबना आपल्या पदाने फुगला होता. देवाने त्याच्याकडून कारभार काढून घेतला आणि दावीदाच्या घराण्याची किल्ली एल्याकीमच्या खांद्यावर ठेवली. किल्ली काढून घेणे हेही देवाचे काम असू शकते, हे तेथे स्पष्ट आहे. परंतु दोन गोष्टी सहसा आपल्या नजरेतून सुटतात. शेबनाला ती गोष्ट संदेष्ट्याकडून तोंडावर सांगण्यात आली. दार बंद झालेले पाहून ती त्याला कळली नाही. आणि पुढे 36व्या अध्यायात एल्याकीम वाड्याचा कारभारी म्हणून येतो तेव्हा शेबना नावाचा पुरुष त्याच्याबरोबर चिटणीस म्हणून उभा आहे. एक काम गेले म्हणून माणूसच गेला, असे झाले नाही.

आपल्या पवित्र धर्मसभेनेही ह्या बाबतीत सावधगिरी शिकवली आहे. 1983 च्या धर्मसंहितेतील 487व्या कलमाप्रमाणे धर्मप्रांताचे दफ्तर कुलूपबंद असावे व त्याची किल्ली बिशप आणि चॅन्सेलर ह्या दोघांपाशीच असावी. बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व मृत्यूच्या नोंदी परक्यांच्या हाती पडू नयेत ह्याची काळजी 535व्या कलमाने धर्मगुरूवर सोपवली आहे. सरकारच्या बाजूने पाहिले तर 2023 साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. दुसऱ्याची माहिती जो बाळगतो त्याने तिचे योग्य रक्षण करावे हे त्यातील एक बंधन आहे. तेव्हा किल्ल्या मोजणे हा संशयीपणा नव्हे. ज्याने विश्वासाने आपले दुःख सांगितले, त्याच्या अब्रूची ती राखण आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मास्तरांच्या घरी गेलो. जुडगा त्यांच्या हाती दिला, क्षमा मागितली, आणि काय घडले ते सर्व सांगितले. खाते पुसलेले नसून निष्क्रिय केलेले होते, म्हणून ते परत चालू करताच त्यांची सारी नोंद जशीच्या तशी सापडली. आम्ही दोघे मिळून आजाऱ्यांकडे गेलो. इतर 13 जणांची नावे मी त्याच आठवड्यात एकेक करून वाचली. त्यांचा अधिकार काढणे योग्यच होते. परंतु प्रत्येकाला भेटून किंवा फोन करून तसे सांगितले, आणि केलेल्या सेवेबद्दल आभार मानले. एकानेही वाईट वाटून घेतले नाही. दोघे तर म्हणाले, "बरे झाले फादर, आमच्या डोक्यावरचे ओझे उतरले."

त्या भगिनीकडेही मी गेलो. दोष कोणाचा होता ते स्पष्ट सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चहा दिला. पण मदतीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. गेलेला विश्वास बटण दाबून परत चालू करता येत नाही. त्याला लागेल तेवढा वेळ आपण दिलाच पाहिजे.

वाचकहो, आपल्या प्रत्येक गावात आज अशा किल्ल्या आहेत: पतसंस्थेत, दूध सोसायटीत, शाळेत, महिला मंडळात. जेव्हा जेव्हा पदाधिकारी बदलतात, तेव्हा शाल-नारळाच्याच दिवशी कोणापाशी कोणती किल्ली आहे ह्याची यादी वाचावी. जुना फोन कोणास देण्यापूर्वी त्यातील सर्व खात्यांतून बाहेर पडावे. आपला पासवर्ड लेकासुनेसही सांगू नये. आणि ज्याच्याकडून किल्ली घ्यावयाची त्याच्या घरी आधी जावे, मग संगणकापाशी बसावे.

आमच्याकडे आता दर तीन महिन्यांनी ही यादी वाचली जाते. मी नावे वाचतो आणि समोर मास्तर बसतात. कोणाकडे दुसरे काय काम आहे, ते माझ्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.