प्रमाण कशाला मानायचे?

एखादी गोष्ट खरी कशावरून मानायची? या प्रश्नावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके वाद झडले. ज्ञान मिळवण्याच्या खात्रीच्या साधनाला दर्शनकारांनी 'प्रमाण' म्हटले. चार्वाकांनी फक्त प्रत्यक्ष मानले. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच मानली. सांख्यांनी त्यात शब्द घातला, नैयायिकांनी उपमान. कुमारिल भट्टाच्या मीमांसेत ही संख्या सहावर गेली.

खरे भांडण आकड्याचे नव्हते, शब्दाचे होते. वेद कोणी रचलेच नाहीत, म्हणून त्यांत चूक असूच शकत नाही, असे मीमांसकांनी ठरवले. ज्यांना तो शब्द ऐकण्याचीही बंदी, त्यांच्यावरच त्याचा अंमल चालला. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने वेदप्रामाण्य आणि जातीचा गर्व या दोहोंना जडबुद्धीच्या खुणांत एकाच रांगेत बसवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये तोच धागा पुढे नेला : शास्त्रांचे प्रामाण्य मोडल्याशिवाय जात मोडणार नाही.

हा वाद पोथीत संपलेला नाही. परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर अटकसत्र झाले. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. मारहाण झाली नाही, असे विधानसभेत सांगण्यात आले. शवविच्छेदनाच्या अहवालाने मात्र अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदवले. एका बाजूला सत्तेचा शब्द, दुसऱ्या बाजूला देहावरचे प्रत्यक्ष आणि त्यावरून निघणारे अनुमान!

ज्यांनी शब्दाला प्रमाण मानले, त्या नैयायिकांनीही अट घातली होती. शब्द आप्ताचा हवा. आणि आप्त म्हणजे ज्याने गोष्ट स्वतः जाणली व जशी जाणली तशी सांगितली तो. हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखेच लागू, असे वात्स्यायनाने लिहिले. म्हणजे जन्माने वा खुर्चीने कोणी आप्त ठरत नाही. मराठीत आप्त म्हणजे नातलग. सोमनाथची आई न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. सत्तेच्या शब्दापुढे पुरावा टिकला, पण गुन्हा नोंदवणे म्हणजे न्याय नव्हे.

परंपरेने सांगितले, ग्रंथात लिहिले, गुरू म्हणाला, एवढ्यावर विश्वास ठेवू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ही कसोटी आम्हालाही लागू आहे. मोर्चात घोषणा द्याव्यातच. पण जखमेचा फोटो, दवाखान्याचा कागद, साक्षीदाराचा जबाब, तारीख आणि वेळ यांची नोंद प्रत्येक वस्तीत त्याच दिवशी झाली पाहिजे. घोषणा विरून जाते, नोंद न्यायालयात उभी राहते. अत्याचार करणाऱ्यांना आमच्या संतापापेक्षा आमच्या पुराव्याची भीती वाटली पाहिजे.