फी माफ झाली, पण गुरे कोण राखणार?

लेसोथो नावाचा एक देश आहे. आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाला, चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला, सगळा डोंगराळ. लोकसंख्या जेमतेम २३ लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांच्या वर होती, यावरून त्याचा आकार लक्षात यावा. १९६६ पर्यंत तेथे इंग्रजांचे राज्य होते. अशा या गरीब देशाने २००० साली प्राथमिक शाळेची फी रद्द करायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी पहिलीची, पुढच्या वर्षी दुसरीची, असे करत २००६ मध्ये सातवीपर्यंतची फी गेली. २०१० साली कायदा करून प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. शाळांचे वर्ग भरून गेले. ज्या देशाकडे धड पैसा नाही त्याने हे केले, याचे कौतुक केलेच पाहिजे.

परंतु डोंगरातली बरीच मुले शाळेत आलीच नाहीत. का आली नाहीत? कारण ती गुरे राखत होती. तेथे सात-आठ वर्षांचा मुलगा अंगावर घोंगडी घेऊन जनावरांमागे डोंगरात जातो आणि महिनोन्‌महिने तेथेच राहतो. कित्येकदा गुरे स्वतःच्या घरचीही नसतात. दुसऱ्याची राखायची आणि वर्षाअखेरीस एखादे जनावर किंवा चार मेंढ्या मोबदला म्हणून घ्यायच्या. त्यामुळे या देशात उलटाच प्रकार दिसत आला आहे. शाळेत मुली जास्त आणि मुलगे कमी. बाप दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत. एके काळी लाखावर माणसे या खाणींत होती. १९९० नंतर खाणींनी कामगार कमी केले आणि माणसे रिकाम्या हाताने परतली. त्यातच एड्सने हजारो मुले पोरकी केली. आई अमेरिकेला जाणाऱ्या कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर. २०२५ मध्ये अमेरिकेने या चिमुकल्या देशाच्या मालावर ५० टक्के आयातशुल्क जाहीर केले. पुढे ते १५ टक्क्यांवर आणले, पण तोवर कारखान्यांची कामे जायची ती गेली. शिवाय सातवीनंतर फी आहेच. फी माफ झाली, घराची गरिबी तशीच राहिली. मग गुरे कोण राखणार?

वाचकहो, हे आफ्रिकेचे रडगाणे म्हणून बाजूला ठेवू नका. डिसेंबर महिन्यात कोल्हापुरातून शिरोळच्या किंवा कागलच्या रस्त्याने निघा. साखर कारखान्याच्या आजूबाजूला उसाच्या पाल्याच्या कोप्या दिसतील. बीड, जालना, परभणीकडून आलेले ऊसतोड कामगार तेथे सहा महिने राहतात. यात आपला बौद्ध बांधव आहे, मातंग आहे, वंजारी आहे, बंजारा आहे. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती नवरा-बायकोच्या जोडीने फेडायची. या जोडीलाच कोयता म्हणतात. माणसाला त्याच्या हत्याराच्या नावाने मोजण्याची ही पद्धत आपल्या सहकार सम्राटांना कधी खटकली नाही! पहाटे अंधारात आई-बाप फडात जातात आणि कोपीजवळ तान्ह्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची मुलगी राहते. थोडी मोठी झाली की तीच मोळ्या बांधते, वाढे गोळा करते. गावाकडच्या शाळेच्या हजेरीपटावर तिचे नाव असते. तिची फी कोणी मागितलेली नाही. पुस्तके फुकट आहेत, गणवेशही मिळतो. २०१० च्या १ एप्रिलपासून शिक्षण हा तिचा मूलभूत हक्क आहे. फक्त ती शाळेत नाही. लेसोथोतला गुराखी आणि ही मुलगी यांच्यात फरक काय?

आणि हे कोठे घडते आहे? तर राजर्षी शाहू महाराजांच्या करवीरनगरीत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. सरकारने ऐकले नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांचे विधेयक कायदेमंडळाने १९१२ मध्ये फेटाळले. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ पासून सक्ती लागू केली होती. कोल्हापूर संस्थान त्या मानाने लहान. १९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास. त्या संस्थानात १९१७ साली शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड. त्या काळचा रुपया! १९२१-२२ पर्यंत सक्तीच्या शाळा ४२० झाल्या आणि त्यांतील मुलांची संख्या २२ हजारांवर गेली.

एवढे आपल्याला भाषणांतून पाठ आहे. परंतु दंड हा या कामाचा सगळ्यात छोटा भाग होता, हे कोणी सांगत नाही. महाराजांना पक्के ठाऊक होते की उपाशी बापाला दंड करून मूल शिकत नाही. म्हणून कायद्याच्या आधी सोळा वर्षे, १९०१ पासून, त्यांनी कोल्हापुरात जातीजातींसाठी वसतिगृहे उभी केली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले तरच शाळेला अर्थ, हा तो हिशेब. १९०२ मध्ये ५० टक्के राखीव जागा दिल्या, म्हणजे शिकून पुढे काय याचे उत्तर आधीच देऊन ठेवले. १९१८ साली महार वतन रद्द केले, १९२० मध्ये वेठबिगार बंद केली. हे दोन निर्णय आपण शिक्षणाच्या खात्यात धरत नाही, पण ते तेथेच धरले पाहिजेत. ज्या बापाला गावाने कधीही बोलवावे आणि फुकट राबवावे, त्याचा मुलगा नेमाने शाळेत बसेल कसा? १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एका शाळेत बसवले. शिकलेल्या अस्पृश्य तरुणांना तलाठी नेमले, वकिलीच्या सनदा दिल्या. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात महाराज स्वतः चहा प्यायले. शाळा, जेवण, नोकरी, धंदा आणि गुलामीतून सुटका, हे सगळे एकाच वेळी चालले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही हीच वाट धरली. बहिष्कृत हितकारिणी सभेचे सोलापूरचे वसतिगृह १९२५ सालचे आहे, पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची. म्हणजे कॉलेजच्या वीस वर्षे आधी वसतिगृह. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की सरकार माणशी जेवढे शिक्षणावर खर्च करते त्याहून जास्त दारूच्या उत्पन्नातून वसूल करते.

आता आजचे पाहू. ऊसतोड कामगारांच्या मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमीपत्र द्यायची पद्धत आहे, २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना जाहीर झाली. कागदावर काहीच कमी नाही. पण हमीपत्र हातात असलेल्या मुलीने तान्ह्या भावाला कोणाकडे सोपवून शाळेत जायचे, ते कोणत्या परिपत्रकात लिहिले आहे? कोपीजवळ पाळणाघर नसेल तर साखरशाळा रिकामीच राहणार. दुसरीकडे २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. अशा सुमारे १५ हजार शाळा राज्यात निघाल्या. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडच्या धनगरवाड्यांवरचे मूल ओढा ओलांडून समूहशाळेत जाईल की शेळ्या राखेल, हे सांगायला तज्ज्ञ समिती नको. आपली मुले दहावीच्या पुढे पोहोचलीच, तर त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. योजना चांगली आहे. पण खोलीभाडे आणि खानावळ दर महिन्याला मागते, आणि स्वाधारचा पैसा वर्ष संपता संपता मिळाल्याच्या तक्रारी आपण दरवर्षी ऐकतो. तोवर बाप सावकाराच्या दारात.

चळवळीनेही स्वतःकडे पाहावे. २६ जूनला आपण दसरा चौकात पुतळ्याला हार घालतो, मिरवणूक काढतो, सामाजिक न्याय दिनाच्या व्यासपीठावर साखर कारखान्याच्या अध्यक्षालाच पाहुणा म्हणून बसवतो. त्याला त्याच्या गाळपाचा आकडा तोंडपाठ असतो. त्याच्या फडांतल्या मुलांचा आकडा आपण त्याला कधी विचारला आहे काय? यंदा टोळ्या उतरल्या की कोल्हापूर, हातकणंगले, शिरोळ, कागल येथल्या आपल्या शाखांनी आपापल्या शिवारात फिरून एवढे मोजावे : कोयते किती आले, सोबत शाळेच्या वयाची मुले किती, त्यांतली जवळच्या शाळेत किती बसली, आणि तान्ह्यांसाठी पाळणाघर आहे की नाही. ही यादी घेऊन आधी कारखान्यावर जावे, मग जिल्हा परिषदेत. पट्टा पडायच्या आत जावे, कारण त्यानंतर ती मुले मराठवाड्याच्या वाटेला लागलेली असतात.