स्पीड टेस्टमध्ये डाउनलोड शेवटी बघा

आंजीत नेट सेंटर किंवा झेरॉक्सचं दुकान टाकायचं असेल, तर स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आपला गल्ला अपलोडवर भरतो. गिऱ्हाइकाचे फॉर्म, फोटो, स्कॅन केलेले कागद सगळे वर चढवायचेच असतात ना!

टेस्ट दाखवते मेगाबिट, फाइल असते मेगाबाइटमध्ये. ८ बिटचा १ बाइट. म्हणजे अपलोड २ एमबीपीएस असेल तर १० एमबीची फाइल चढायला ४० सेकंद, तेही लाइन पूर्ण मिळाली तर. सरकारी व्याख्येत २०२३ पासून किमान २ एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणतात, पण तो आकडाही डाउनलोडचाच. अपलोडचं कोणी बोलतच नाही.

मग पिंग बघा. यूपीआयला स्पीड फार लागत नाही, पण पिंग कधी ४०, कधी ४०० होत असेल तर पेमेंटचं चक्र फिरत राहतं आणि गिऱ्हाईक आपल्या तोंडाकडे बघत राहतं.

टेस्ट पहाटे करू नका, तेव्हा सगळ्यांचंच नेट पळतं. दुकानात गर्दी असते तेव्हा करा, दोन-तीनदा. एकदा राउटरला केबल लावूनही करा. केबलवर चांगलं आणि वायफायवर कमी येत असेल तर राउटरची जागा बदला, महागडा प्लॅन घेऊन काही होणार नाही. केबलवरही कमीच येत असेल, तर स्क्रीनशॉट काढून कंपनीकडे तक्रार टाका.