भाव आपोआप उडत नाहीत

‘मार्केट सध्या व्होलटाइल आहे, थांबू नका.’ पनवेलमध्ये फ्लॅटची किंवा गुंठ्याच्या भावाची चौकशी करा, हे वाक्य कानावर येतंच. विकणाऱ्याला तेच सांगतात आणि घेणाऱ्यालाही. कधी काय होईल याचा नेम नाही, एवढाच अर्थ लोक घेतात आणि घाईने सही करून मोकळे होतात.

शब्द मूळचा लॅटिन. ‘वोलारे’ म्हणजे उडणे. इंग्रजीत तो आधी पंखवाल्या जिवांसाठी आला, मग रसायनशास्त्राने चटकन वाफ होणाऱ्या पदार्थांसाठी घेतला. कापूर उघडा ठेवला की उडून जातो, असं आपणही म्हणतोच. तळोजा, रसायनीच्या कारखान्यांत राबणाऱ्यांना हा अर्थ रोजचा. असे द्रव बंद पिंपात आणि आगीपासून लांब ठेवायचे. पुढे हेच विशेषण भडक्या स्वभावाला, तंग परिस्थितीला आणि शेअर बाजाराला लागलं.

पण उडणं हा कापराचा गुण आहे, जमिनीचा नाही. पनवेलचे भाव ज्या नवी मुंबई विमानतळाच्या नावावर हलले, त्याच्या तारखा पाहा. पर्यावरण मंजुरी २०१० ची, भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ चं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ चं आणि प्रवासी विमानं सुरू झाली २५ डिसेंबरला. मधल्या काळात, २०१३ मध्ये, भोवतालच्या गावांच्या ‘नैना’ क्षेत्राचं नियोजन सिडको या सरकारी कंपनीकडे गेलं. यातला एकही बदल आभाळातून पडलेला नाही. प्रत्येक वळणावर कुणीतरी कागदावर सही केली आहे. त्या सगळ्याला व्होलटाइल म्हटलं की सही करणारा दिसेनासा होतो, आणि विमानतळासाठी दहा गावं उठली तीही जणू बाजाराच्या लहरीने उठली असं वाटू लागतं. हे मला मान्य नाही. ज्याने वाडवडिलांची भातशेती दिली, त्याला भाव कोणत्या निर्णयाने बदलला हे कळण्याचा हक्क आहे.

तेव्हा हा शब्द कुणी तोंडावर फेकला तर सरळ विचारा, कोणता निर्णय, कोणत्या तारखेचा? सातबारा पाहा, विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण आहे का ते तपासा. आजूबाजूच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन आणि रेडी रेकनरचे दर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. ते पाहिल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नका आणि घेऊही नका.