विश्लेषण : पोलीस भरतीसाठी धावताना बूट कोणता? महाग म्हणजेच योग्य का?

राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५मध्ये सुमारे १५ हजार पदांच्या पोलीस भरतीला मंजुरी दिली. मालवण, कुडाळ, कणकवलीत पहाटे धावणाऱ्या अनेक मुलामुलींसाठी धावणे ही नोकरीची तयारी आहे. त्यांच्या घरी एक प्रश्न हमखास येतो : बुटावर किती पैसे घालायचे? दुकानदार एक सांगतो, अकादमीतला मित्र दुसरे, मोबाइलवरचा व्हिडीओ तिसरेच. यातले खरे किती?

बुटाचा प्रश्न एवढा महत्त्वाचा का?

पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची असते. मैदानीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावण्यासाठी २० गुण आहेत. १०० मीटर आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५. लांब धावेत पूर्ण गुण हवे असतील तर पुरुषांना ५ मिनिटे १० सेकंद आणि महिलांना २ मिनिटे ५० सेकंदांच्या आत यावे लागते. त्यापुढे टप्प्याटप्प्याने गुण कमी होतात आणि गुणवत्ता यादीत एकेका गुणाने नाव खाली जाते. बूट हे गुण मिळवून देत नाही. मात्र चुकीच्या बुटामुळे फोड आले, नडगी दुखू लागली की सरावाचे आठवडे वाया जातात. खरे नुकसान तिथे होते.

जीएसटी कपातीने काय बदलले?

२२ सप्टेंबर २०२५पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी लागतो, त्यावरील जोडीवर १८ टक्के. आधी हजाराच्या पुढे गेले की थेट १८ टक्के, अशी स्थिती होती. हजारापर्यंतच्या जोडीवर १२ टक्के कर होता. म्हणजे कर सोडून २,००० रुपयांचा बूट आधी २,३६० रुपयांना पडत होता, आता तो २,१०० रुपयांना पडायला हवा. भरतीची मुले बहुधा याच किमतीत बूट शोधतात, त्यामुळे ही कपात त्यांच्या कामाची आहे. सीमारेषाही लक्षात ठेवावी. करापूर्वी २,५०० रुपयांचा बूट करासह २,६२५ रुपयांना मिळतो. त्याहून रुपयाने महाग बूट मात्र सुमारे २,९५१ रुपयांवर जातो. बिल मागून त्यावरचा कराचा दर पाहावा. 

'सपाट पाय' असल्यास खास बूट हवा का?

ओल्या पायाचा ठसा पाहून 'तुझा पाय सपाट आहे, आधाराचा बूट घे' असे सांगितले जाते. ही कल्पना अमेरिकेच्या लष्करानेच तपासली. तिथल्या भूदल, हवाई दल आणि मरीनच्या हजारो नव्या प्रशिक्षणार्थींपैकी काहींना तळव्याच्या आकारानुसार बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच प्रकारचे. २००९-१०च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत दोन्ही गटांच्या दुखापतींत फारसा फरक दिसला नाही. २०२२च्या कॉक्रेन आढाव्यानेही पायाच्या प्रकारानुसार बूट निवडल्याने दुखापती कमी होतात याला भक्कम पुरावा नसल्याचे म्हटले. पाय आधीपासून दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. एरवी घालून धावल्यावर जो बूट सुखाचा वाटतो, तो निवडणे हाच सध्याचा व्यवहार्य निकष आहे.

नंबर बरोबर असूनही बूट का चावतो?

आपल्याकडचे नंबर ब्रिटिश मापावर आधारलेले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीय पाय युरोपीय पायापेक्षा रुंद असल्याचे त्यातून दिसले आणि त्यावरून 'भा' ही भारतीय मापपद्धत सुचवण्यात आली. चवडा रुंद असला की लांबीला बसणारा बूट बाजूने आवळतो. मग मुले एक नंबर मोठा घेतात आणि टाच आत सरकू लागते. त्याऐवजी रुंद चवड्याचे मॉडेल मागावे. बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, सरावाचेच मोजे घालून पाहावा. दोन्ही पायांत घालावा, कारण दोन पाय क्वचितच सारखे असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच उचलता कामा नये. ऑनलाइन मागवताना अमेरिकी आणि ब्रिटिश नंबरांत गल्लत करू नये आणि परत करण्याची सोय आधी पाहावी.

किनारपट्टीवर वेगळा विचार हवा का?

हवा. चिवला किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर ओहोटीची ओली वाळू घट्ट असते, पण तिला समुद्राकडे उतार असतो. एकाच दिशेने रोज धावल्यास एका पायावर ताण येतो. म्हणून जाऊन-येऊन सारखे अंतर धावावे. कोरड्या वाळूत पोटऱ्यांवर भार वाढतो. जांभ्याच्या सड्यावर बारीक खडी सरकते, पावसात शेवाळ येते. तिथे पकड देणारा तळ हवा. फार जाड, मऊ तळाचे, कार्बन पट्टीचे बूट गुळगुळीत डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींसाठी बनतात. खडबडीत जमिनीवर त्यात घोटा मुरगळू शकतो.

२०२४ची मैदानी चाचणी १९ जूनपासून, ऐन पावसाळ्यात सुरू झाली होती. त्यामुळे ओल्या मातीवरही सराव हवा. खारे पाणी लागले तर बूट गोड्या पाण्याने धुवावा. आतील तळ काढून, वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवल्यास डिंक सुटतो.

नवा बूट कधी घ्यावा?

साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळाचा फोम दबतो, असा ठोकताळा आहे. रोज सहा किलोमीटर, आठवड्याला सहा दिवस धावणाऱ्याचा बूट साधारण चार-पाच महिन्यांत संपत येतो. बाहेरून तो धडधाकट दिसेल; तळ एका बाजूला झिजला किंवा नडगी-गुडघे कुरकुरू लागले की समजावे. बाजारातल्या 'फर्स्ट कॉपी'पासून सावध राहावे, कारण त्यात नाव नामांकित कंपनीचे असले तरी तळ कसला आहे याची खात्री नसते. पादत्राणांच्या गुणवत्तेबाबतचा केंद्राचा आदेश १ ऑगस्ट २०२४पासून लागू आहे. आयएसआय चिन्ह पाहावे, पण ते चिन्ह बूट तुमच्या पायाला बसेल याची हमी देत नाही.

चाचणीच्या दिवशी नवाकोरा बूट घालू नये. निदान दोन-तीन आठवडे आधी घेऊन त्यात वेगाचा सरावही करावा. स्पाइक्स चालतात की नाही, हे त्या भरतीच्या सूचनांत पाहावे. पैसे एकाच जोडीपुरते असतील तर ते चाचणीसाठी राखून ठेवू नयेत. महिनोन्महिने रोज धावायचे आहे, त्या सरावाच्या बुटावरच ते खर्च करावेत.